एका ट्रंकेचा संसार

मानसिंगभाऊंचा सगळा संसार एका ट्रंकेत मावतो, हे आता वडूजपासून कराडपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ट्रंकेत न मावणारं सगळं आमच्या घरात असायचं, हे मात्र फक्त मला आणि त्यांच्या बायकोला, शालूबाईला, माहीत होतं.

आमची भिंत एकच. माझ्या नवऱ्याचं, मोहिद्दीनचं, वडूजच्या पेठेत भांड्यांचं दुकान. त्यामुळे आमच्या घरात वस्तूंना तोटा नाही आणि मानसिंगभाऊंच्या लेखी आम्ही वाया गेलेली माणसं. भाऊ फौजेतून निवृत्त होऊन आले ते एक काळी ट्रंक घेऊन. वर्षभर जिला हात लागला नाही ती वस्तू घरात नको, असा त्यांनी नियम काढला. त्या नियमात शालूबाईच्या माहेरची तांब्याची घागर गेली, पाट गेले, दोन सोडून बाकीचे कप गेले. नवीन काही घ्यायचं म्हटलं की ते विचारायचे, त्याच्यावाचून अडतंय का? आणि खरंच अडायचं नाही. शिडी आमची, इस्त्री आमची, मिक्सर आमचा, मोठी परातही आमचीच.

शालूबाई मागायला आली की उंबऱ्यापाशी उभी राहायची. कितीही म्हटलं तरी आत यायची नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आधी माझी तब्येत विचारायची, मग पोरांची, मग शेळीची, आणि शेळीवरून हळूच मिक्सरवर यायची. मी कधी नाही म्हटलं नाही. पण तिचं ते खाली घातलेलं तोंड बघून मला तिच्या नवऱ्याचा असा राग यायचा की मिक्सरसोबत दोन शब्दही पाठवावेत.

पुढे कुणीतरी भाऊंचा व्हिडिओ काढला. रिकामी खोली, भिंतीला ट्रंक आणि शेजारी ताठ बसलेले भाऊ. तो इतका फिरला की कॉलेजांतून भाषणाची बोलावणी यायला लागली. भाऊ आमच्या इस्त्रीची घडी अंगावर मिरवत जायचे, गरज ओळखून खरेदी करा म्हणून सांगायचे, आणि येताना शाली आणि मानचिन्हं घेऊन यायचे. ती घरात ठेवली तर नियम मोडणार, म्हणून ती आमच्या कपाटात. एक दिवस मोहिद्दीन म्हणाला, कपाट पुरत नाही, दुसरं घ्यावं लागेल. भाऊंचा साधेपणा आम्हाला असा महाग पडत होता.

एकदा पुण्याहून पाच-सहा जण ते साधं घर बघायला आले. पाहुणे आले की शालूबाई आमच्याकडून कपबशा आणि सतरंजी न्यायची. पाहुणे सतरंजीचंही कौतुक करून जायचे. मी ट्रे लावून ठेवला, पण ती आलीच नाही. शेवटी मीच मागच्या दारातून डोकावले.

पाहुणे उघड्या फरशीवर बसले होते. शालूबाईने दोघांना चहा दिला, त्यांचा पिऊन होईपर्यंत थांबली, कप विसळले आणि पुढच्या दोघांना दिला. उरलेले आधी कौतुकाने हसत होते, मग हसेनासे झाले. भाऊ दबक्या आवाजात तिला म्हणाले, शेजारून कप आण.

"आवं, त्येच्यावाचून अडतंय का?" शालूबाई म्हणाली. तिने आवाज दाबला नाही.

मग भाऊ स्वतः आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते आमच्या उंबऱ्यावर काही मागायला उभे होते, आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी माझी तब्येत विचारली. मग पोरांची. शेळी आम्ही केव्हाच विकली होती, तिचीही विचारपूस झाली. भरलेला ट्रे माझ्या मागेच होता. मी मुद्दाम हलले नाही.

"वैनी," शेवटी ते म्हणाले, "शालू रोज हितंच उभी ऱ्हायची व्हय?"

"व्हय," मी म्हटलं, आणि ट्रे त्यांच्या हातात दिला.

पुढच्या बाजाराला दोघं मोहिद्दीनच्या दुकानात गेले. शालूबाईने कप घेतले, मिक्सर घेतला, एक तांब्याची घागर घेतली. अडतंय का, असं भाऊंनी एकदाही विचारलं नाही. उलट आता इस्त्रीही घेऊन टाकू, असं तेच म्हणाले. शालूबाई नको म्हणाली.

इस्त्री अजून आमचीच आहे. भाषण असलं की ती न्यायला भाऊ येतात.