नव्या माणसांच्या रांगेत

मी हात पुढं केला आन् साहेबानं काचेचं भांडं वर उचललं.

भांड्यात चिठ्ठ्या होत्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघंल, त्याला आपण आणलेली भेट द्यायची. हापिसात दिवाळीची पार्टी होती. या साली कामाला लागलेले आम्ही पाच जण रांगेत. चार पोरंपोरी, पाचवा मी, सत्तरीला टेकलेला. चौघांनी चिठ्ठ्या काढल्या. माझी पाळी आली तवा भांडं साहेबाच्या छातीला जाऊन लागलं.

"काका, तुम्ही कुठं इथं? हे स्टाफचं आहे."

मागून एक पोरगं हसलं. "काकांना पण गिफ्ट पाहिजे!"

लहानपणी गावात आम्हाला पाणी वरून ओतायचे. ओंजळ खाली, घागर वर. साठ वर्षांनी भांडं काचेचं झालं, एवढाच फरक.

आगाऊपणा करून उभा राह्यलो न्हव्हतो मी. फळ्यावर नोटीस लागली होती. चौथी शिकलो, अक्षराला अक्षर लावून वाचतो. लिहिलं होतं, या वर्षी लागलेल्या सर्व नवीन कर्मचाऱ्यांनी एक छोटी भेट आणावी आणि रांगेत येऊन आपली ओळख करून द्यावी. चार वेळा वाचलं. असल्या कागदावर माझा भरोसा बसत न्हाई. म्हणून हिशोबाच्या टेबलावरच्या पोरीला इचारलं, "बाई, ह्यात मी बी येतो का?" मोबाईलमधून मान वर न करता ती म्हणली, "हो ना काका, सगळेच येतात."

मी भादव्यात लागलो. माझ्या बायकोच्या जागेवर. अंबडला बियाण्याच्या कंपनीचं हे हापीस, दोन मजले. यमुनानं ते अकरा वर्षं झाडलं. पोळ्याच्या दोन दिवस आधी ती गेली. ताप आला आन् चार दिवसांत सगळं संपलं. पाचव्या दिवशी कंत्राटदार घरी आल्ता. मला वाटलं, दुःखात भेटायला आला. म्हणला, "उद्यापासून झाडायला कोण येणार?"

मंग मीच गेलो. पहिल्याच दिवशी साहेबानं इचारलं, "पूर्ण नाव?" सांगितलं. "गावात घर कोणत्या बाजूला?" हे इचारणं कशापायी असतं ते मला बराबर समजतं. यमुनाचं काय झालं, हे मात्र त्यानं इचारलं न्हाई.

भेट म्हणून कुरडया नेल्या. यमुनानं उन्हाळ्यात केलेल्या. शेवटचा डबा. सकाळी स्वतः तळल्या, निम्म्या करपल्या, चांगल्या निवडून भरल्या. मनात एकच होतं. ओळख सांगायची वेळ आली की म्हणायचं, मी यमुनाचा नवरा, ह्या तिच्या हातच्या. त्या हॉलमधी एकदा तिचं नाव घ्यायचं होतं. बस.

साहेब म्हणला, "डबा तिकडं टेबलावर ठेवा. ज्याला खायचंय तो खाईल."

ठेवला. भिंतीशी उभा राह्यलो आन् डब्यावर नजर ठेवली. मी संशयी माणूस. एकानं झाकण उघडलं. "अरे वा, कुणी आणल्या?" दुसरा त्याच्या कानात काहीतरी बोलला. झाकण परत लागलं. म्हणावं, पोट भरलं असंल. पण केकसाठी तीच माणसं दोन-दोनदा येऊन राह्यली होती.

तेवढ्यात साहेबाची बायको आली. हातात कापडाची पिशवी.

"यमुनाबाई कुठंय हो? दिसली नाही आज."

साहेबानं माझ्याकडं बोट केलं. आधी मला वाटलं, टोमणा मारून राह्यली. मंग तिचं तोंड बघितलं. तिला खरंच ठाऊक न्हव्हतं. दोन महिने झाल्ते.

"तुम्ही यमुनाचे मिस्टर ना? ही साडी द्या तिला. दोनदाच नेसलेय मी. फॉल लावलेला आहे. दर दिवाळीला देते मी तिला."

पिशवी पुढं करून ती थांबली. साहेबानं मोबाईल काढून धरला. शेजारचा हळूच म्हणला, "काका, पाया पडायचं असतं. फोटो निघतो."

तवा उमगलं.

यमुना दर दिवाळीला एक साडी आणायची. घडी न मोडता पेटीच्या तळाला टाकायची. मी भांडायचो. एवढी भारी साडी नेसत का न्हाईस? कुणी दिली? साहेबाकडची म्हणली की माझं डोकं फिरायचं. मनात नाही नाही ते यायचं. एकदा हात उचलला मी तिच्यावर. ती एवढंच म्हणली, "मला न्हाई शोभत." आन् भाकरी थापत राह्यली.

काम टिकावं म्हणून ती वाकली होती. पण ती कापडं तिनं अंगाला लावली न्हाईत. आन् मी संशय घेतला तिच्यावर. घ्यायचा होता तो ह्यांच्यावर.

"बाई, ती मेली," मी म्हणलो. "पोळ्याला."

पिशवी तशीच हवेत. "अरे देवा... मग सुनेला द्या."

"सून न्हाई मला. असती तरी दिली नसती. तुमची नेसलेली साडी तुमच्या घरात ठेवा."

साहेब मधी पडला. "काका, सणाचा दिवस आहे. मॅडमनी प्रेमानं आणलंय."

"प्रेमानं आणलं, तर मोबाईल कशाला काढला?"

साहेबानं मोबाईल खिशात घातला. म्हणलं, आता बोलून घ्यावं.

"माझी ओळख राह्यली होती. मी यमुनाचा नवरा. तिनं अकरा वर्षं तुमची टेबलं पुसली, तुमचे संडास धुतले. ती मेली हे तुमच्यातल्या एकालाबी ठाऊक न्हव्हतं. आता ठाऊक झालं."

डबा उचलला आन् निघालो.

सुट्ट्या संपल्यावर पेटीतल्या सगळ्या साड्या बांधून नेल्या आन् साहेबाच्या टेबलावर ठेवल्या. साहेब म्हणला, "तुमच्याबद्दल कंत्राटदाराशी बोलावं लागेल."

"बोला. काढायचं तर कशापायी काढलं ते लिहून द्या."

अजून लिहून दिलं न्हाई. साहेब आता गोड बोलून राह्यलाय. बसा म्हणतो, चहा घ्या म्हणतो. त्या गोडीवर माझा बिलकुल भरोसा न्हाई. मी झाडतो, पुसतो, काम बराबर करतो. पाया पडणार न्हाई. कुणाचं उतरलेलं कापड घरात येऊ देणार न्हाई. मला काढून दुसरी कुणी बाई आणली, तर फाटकापाशी उभा राहून तिला हे सगळं सांगीन. तिनं ऐकलं न्हाई, तर दुसऱ्या दिवशी परत जाईन.