कोणी झाकले, हे सांगणारा मेनू

मळवलीच्या एका बंगल्याची राखण करणाऱ्या सीतारामची कन्या यशोधरा तळेगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पडद्यावरील मांडणी रचते. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये माणसे ठिपक्यांच्या रूपाने प्रकटतात, त्यांचे परस्परसंबंध रेषांच्या. कोणत्या रेषा दिसाव्यात आणि कोणत्या झाकाव्यात, हे फिल्टरच्या मेनूतून ठरते. जुना मेनू तिचे वरिष्ठ सुहास यांनी रचलेला. त्यात निवड केली की मेनू मिटे, आणि काही झाकले आहे याची खूणही चित्रावर उरत नसे.

कंपनीचा प्रघात असा, की कामात कोण कोणाचा सल्ला घेतो याचे चित्र दरवर्षी याच सॉफ्टवेअरमध्ये काढायचे आणि पदोन्नती देताना ते समोर ठेवायचे. गतवर्षी त्या चित्रात यशोधरेचा ठिपका एका कोपऱ्यात, एकाही रेषेविना उभा होता. मालक राजेंद्र यांनी मृदू शब्दांत सांगितले की, तिचा कोणाशी संपर्कच नाही. विभागाचे प्रमुखपद सुहास यांना मिळाले. वस्तुतः काही अडले की सारा विभाग तिच्याच टेबलाशी येई. तिने शंका काढली तेव्हा सुहास हसले. "चित्र खोटं बोलत नसतं, यशोधरा."

घरी सीतारामने सारे ऐकून घेतले आणि भाजे लेण्यांच्या डोंगराकडे पाहत तो म्हणाला, "आमच्या आज्याला कुसाबाहेर ठिवलं, ते गावानं. तुला कुनी ठिवलं, ते हुडकून काड, बाय."

त्या वाक्याचा निखारा तिने विझू दिला नाही. क्षमा हे वीरांचे भूषण, असे तिला शाळेत शिकवले होते. तिला ते भूषण नको होते. तिने नव्या मेनूचे काम मागून घेतले. आता मेनू मिटला तरी चित्राच्या माथ्यावर एक पट्टी राही: काय झाकले आहे, कोणी झाकले आहे, शेजारी 'दाखवा' हे बटण. जुन्या चित्रांच्या आत साठून राहिलेल्या नोंदीही ती पट्टी वाची. गतवर्षीचे चित्र एकांतात उघडणे तिला सहज शक्य होते. तिने ते उघडले नाही. जे व्हायचे ते सर्वांसमक्ष व्हावे, असा तिचा संकल्प होता.

सुहास यांना मांडणी आवडली. ते ती आपली म्हणून मिरवणार, हे शेजारच्या टेबलावरील रेणुकाही जाणून होती. "याही वेळी ताट वाढून देणार का गं?" तिने डिवचले.

"देणार," यशोधरा म्हणाली. "पोटभर."

सादरीकरणाला सारी कंपनी जमली. ही सुस्पष्टता कित्येक दिवस आपल्या मनात घोळत होती, प्रत्येक ओळ आपणच रचली, असे सुहास यांनी सांगितले. आणि उदाहरणादाखल सर्वांच्या परिचयाचे, गतवर्षीचे चित्र उघडले. जुन्या मेनूने त्यांचे कृत्य त्यांच्याही स्मरणातून झाकून टाकले होते. नव्याने ते वर काढले.

"झाकले आहे: यशोधरेकडे जाणाऱ्या सर्व रेषा. झाकणारे: सुहास."

नव्या मेनूत काही चूक असावी, असे सुहास पुटपुटले. राजेंद्र यांनी शांतपणे विचारले की, प्रत्येक ओळ तर तुम्हीच रचली ना?

"तुमचाच मेनू आहे, सर," यशोधरा बसल्या जागेवरून म्हणाली. "'दाखवा' दाबा."

त्यांनी दाबले. विभागातल्या एकेका ठिपक्यापासून रेषा निघाल्या आणि कोपऱ्यातल्या त्या एका ठिपक्याशी येऊन भिडू लागल्या. सारे तिकडे पाहत होते. यशोधरा मात्र सुहास यांच्या बटणावरच्या बोटाकडे पाहत होती, आणि तिला ते पुरेसे पाहून होईपर्यंत तिने दृष्टी हलवली नाही.