उजवीकडं कोण म्हणालं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढं एक गाळून पुढं जाते. त्याला माहीत असणारच, मग परत कशाला, असं म्हणून गाळते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही.

आधी सोपं सोपं सांगते. आम्ही विणकर माणसं. खासबागेत घर, पुढच्या खोलीत दोन माग, दिवसभर खडखडाट. त्यामुळं माझा आवाज मोठा झालाय, आणि तोंड त्याहून मोठं, असं नवरा म्हणतो. आक्का माझी थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. तिला दिलंय वडगावात. चुलीवर चहा ठेवून निघावं आणि उकळायच्या आत तिच्या दारात पोचावं, इतकं जवळ. पोरं आपापल्या मार्गाला लागल्यावर आम्ही दोघींनी मिळून एक काम धरलं — मागावरच्या साड्या खेड्यापाड्यांत घरपोच द्यायच्या. साखरपुडा असो, बारसं असो, डोहाळजेवण असो. स्कूटी मी चालवायची. मागं आक्का, मांडीवर साड्यांचं बोचकं. आणि वाट आक्कानं सांगायची.

वाट आक्कानंच का? आमचे आप्पा सायकलवरून साड्या विकत फिरायचे आणि कॅरिअरवर आक्काला बसवायचे. मला नाही. मी लहान, मला ऊन लागतं, मी रडते. आक्का दिवस मावळायला परत यायची ती पायावर धूळ आणि तोंडात गावांची नावं घेऊन — काकती, कडोली, अलतगा. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या वळणावर कुत्रं अंगावर येतं, सगळं तिला पाठ. तिनं आणलेला आलेपाक मी चघळायची आणि मनातल्या मनात जळायची. तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता पन्नाशी उलटली. हे जळणं इतकी वर्षं टिकतं, असं तुम्हाला वाटलं असतं का? मला तरी नव्हतं वाटलं.

मोबाईलचं म्हणाल तर ती कल्पनाही आक्काचीच. एकदा दुपारी तिच्याकडं गेले होते. दोघी एकाच पलंगावर बसून आपापले रील बघत होतो. तासाभरानं आक्का हसायला लागली. म्हणाली, "अगं मंगल, तू आलीयास कवाची, आणि मी अजून तुझं तोंड बघितलं न्हाय." झालं. पाडव्याला दोघींनी बटणाचे साधे फोन घेतले. आक्कानं आपला मोठा फोन सुनेला देऊन टाकला. मी म्हणाले, मी माझा विकला.

विकला नव्हता. शेवयांच्या डब्यात होता.

सिम नसलं तरी नकाशा चालतो, हे मला लेकीनं कधीतरी दाखवलं होतं. घरातल्या वायफायवर अख्खा तालुका उतरवून ठेवायचा, मग मळ्यात गेलं तरी आपण कुठं आहोत ते निळा ठिपका दाखवतो. आमच्या कामाला ते लागतंयच, अशी मी स्वतःची समजूत काढली. मळ्यातल्या घरांना ना पाटी, ना नंबर. ऊस पुरुषभर वाढला की सगळ्या वाटा सारख्या दिसतात. ऊस तुटून गेला की ओळखीची वाटसुद्धा अनोळखी होते. खरंच आहे ते. पण मागं आक्का बसलेली असताना मला नकाशा कशाला हवा होता? तिला सगळं ठाऊक होतं की!

तिला ठाऊक होतं, म्हणूनच हवा होता.

निघायच्या आधी मी नकाशा बघून वळणं पाठ करायची. वाटेत शंका आली की "आले गं जरा" म्हणून पिशवी घेऊन उसाच्या आड जायची आणि ठिपका बघून यायची. आक्का काळजीत. "सारखी सारखी जातीयास, साखर झालीया का बघ की गं." मला खरंच तपासायला घेऊन गेली, उपाशीपोटी. साखर निघाली नाही. आक्कानं देवाला नारळ फोडला. त्या नारळाचं खोबरं मी खाल्लं.

आता नवे रस्ते झालेत, रुंद झालेत, आक्काच्या डोक्यातली वाट कधीकधी लांबची असायची. मग मी म्हणायची, "न्हाय आक्का, हिकडनं जवळ पडतंय." आणि पडायचं. "तुझं डोस्कं लई चालतंय गं!" आक्का म्हणायची. तिला खरोखर कौतुक वाटायचं, ती तसलीच आहे. मला मात्र ते गोड लागलं. चारदा झालं, पाचदा झालं. मग आक्का वळण सांगायच्या आधी थांबायला लागली. "डावीकडं असंल बघ. व्हय ना?" असं मलाच विचारायला लागली. तिथं मी हात आखडायला हवा होता — पण नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मुद्दाम राहिली. आमची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती. पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभी राहायची आणि घर कुठल्या बाजूला म्हणून विचारायची. घरातच उभी राहून. तीन वर्षं तिचं सगळं आक्कानं केलं. आईला अंघोळ घालताना आक्का एकदा मला म्हणाली होती, मरणाला मी भीत न्हाय, ह्याला भिते. आक्काची सगळ्या जगात एवढी एकच भीती, आणि ती फक्त मला माहीत होती.

तर तो साखरपुडा. कडोलीच्या पुढं एका मळ्यात. निपाणीचे पाहुणे अकराला येणार, पोरीला नेसायची साडी आमच्या बोचक्यात. दहाला आम्ही पिंपळापाशी पोचलो. तिथं वाट फुटते. आक्का लगेच म्हणाली, "डावीकडं घे." या खेपेला विचारलं नाही, थांबली नाही, आप्पांच्या सायकलवर बसल्यासारखी ठणठणीत म्हणाली. आणि माझ्या नकाशात उजवी वाट जवळची होती. मी उजवीकडं घातली.

नकाशातली वाट ओढ्यापाशी संपली. पुलाची मोरी कधीच वाहून गेलेली, पलीकडं नुसती बाभळ. ओल्या मातीत स्कूटी रुतली. दोघींनी ढकलून काढली, तोवर अकरा वाजत आले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झालेला — कुणावर, सांगा बघू? आक्का पदराला लागलेला चिखल पुसत हळूच म्हणाली, "मी डावीकडं म्हटलंतं न्हवं गं?"

आणि मी म्हणाले — हे बघा, इथवर यायला मला एवढं सगळं बोलावं लागलं — मी म्हणाले, "डावीकडं कुठं? उजवीकडं म्हणालीस. आपल्या तोंडानं म्हणालीस."

 आक्का भांडली असती तर बरं झालं असतं. आम्ही काय कमी भांडलोय? पण ती भांडली नाही. "मी उजवीकडं म्हटलं व्हय?" एवढंच म्हणाली आणि बोचकं छातीशी धरून मागं बसली.

मळ्यात पोचलो तेव्हा पाहुणे येऊन बसले होते आणि पोरगी जुन्याच साडीत आत कोंडून घेऊन रडत होती. तिची आई आमच्यावर कडाडली. तिथं तरी गप्प बसायचं ना? दहा बायकांच्या देखत मी म्हणाले, "काय करणार, आक्कानं वाट चुकवली." आक्कानं मान हलवली. "माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय," म्हणाली. तोपर्यंत तिचा विश्वासही बसला होता.

त्या दिवसानंतर आक्का स्कूटीवर बसली नाही. कॅलेंडरच्या पाठीमागं बारीकसारीक लिहून ठेवायला लागली, गॅस बंद केला, दूधवाल्याला सांगितलं, असलं. देवळात जायचं तर सुनेला सोबत घेते. देऊळ गल्लीच्या टोकाला, उंबऱ्यातून कळस दिसतो. मुलानं डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बरोबर. तुम्हाला काही झालेलं नाही, म्हणाले. आक्का घरी येऊन मला काय म्हणाली? "त्यास्नी काय म्हाईत? तू डोळ्यांनी बघितलंयास."

मग तिनं माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली, माझं अक्षर चांगलं म्हणून. तिचं नाव, गल्ली, आणि खाली — वाट चुकली असेल तर धाकट्या बहिणीला फोन करा. माझा नंबर. मी लिहिली. वळणदार अक्षरात लिहिली. आक्काच्या बटणाच्या फोनच्या पिशवीत ती अजून आहे, घडीवर फाटायला आलीय.

शेवयांच्या डब्यातला फोन पुढं फुगला आणि बंद पडला. मी तो टाकून दिला. त्याच्याविषयी कुणाला कळलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच मळ्यातल्या पोरीचं डोहाळजेवण निघालं. हिरवी साडी द्यायची होती. एकटीच निघाले. कडोली ओलांडली आणि गाडी हळू केली. ऊस तुटला होता, सगळं रान उघडं, एक खूण ओळखू येईना. रस्त्याकडेला थांबून आक्काला फोन लावला. तिनं घरात बसून एकेक सांगितलं. बंद पडलेली गिरण लागंल, मग पिंपळ, तिथनं डावीकडं, विहिरीवर निळ्या पत्र्याचं मोटरघर, तिथनं तिसरं घर. जराही अडखळली नाही. आणि मग घाईनं म्हणाली, "पण माझ्या सांगण्यावर जाऊ नगो गं. कुणाला तरी इचारून घे."

तेव्हा सांगता आलं असतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, फोन कानाला होता, ती ऐकत होती. मी "बरं" म्हणाले.

गिरण लागली. पिंपळ लागला. डावीकडं वळले. निळा पत्रा, तिसरं घर. कुणाला विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. "सापडलं का गं?"

"सापडलं," मी म्हणाले. "वाटेत एका माणसाला विचारलं."

"बरं केलंस," आक्का म्हणाली.