चाचींच्या तीन गोळ्या

"मोरी कुठं हाय, तेवढं आधी दावा."

कुणाच्याही घरी बांगड्या भरायला गेल्या, की आमच्या भोरच्या बांगडीवाल्या चाची उंबऱ्यातच हे विचारायच्या. चहा नको, पाणी तर नकोच. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. मीही हसलेय, खोटं कशाला सांगू? आता त्या नाहीत. अशी बाई तुमच्याही बघण्यात असेल, म्हणून लिहिते.

त्यांचं दार आमच्या दारासमोर. लघवीची कळ आली की चाचींना दोन मिनिटं दम निघत नसे. एसटीनं वेल्ह्याच्या बाजाराला जायचं, तर आदल्या संध्याकाळपासून घशाखाली घोट नाही. वाटेत कुठं झाडी, कुठं आडोसा, सगळं पाठ. पुढं वेल्हं सुटलं, मग नसरापूर सुटलं. राहिली फक्त आमची गल्ली. बाईचं पोट तर फिरतीवर.

"डालग्याखालच्या कोंबडीवानी झालंय गं ताई माजं," म्हणायच्या.

मीच ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि मला साक्षीला धरून बजावलं, "चाची, रोज सकाळी एकच. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. पाणी तोडायचं नाही. आणि लघवी अडली, तर तशाच निघून इकडं या."

गुण आला. पण चाचींचं डोकं निराळंच चाललं. घरी मोरी आहे, मग गोळी कशाला वाया घालवायची? गोळी फक्त बाहेर जायच्या दिवशी!

वैशाखात वरव्याला लग्नाचा चुडा होता. नवरीचा हात एकदा धरला, की त्या हाताचा चुडा पुरा होईस्तोवर उठायचं नाही, ही चाचींची रीत. मी मदतीला गेले होते. आठवडाभर गोळी पोटात नाही, एकीनं काय भागणार, म्हणून बाईनं सकाळी एकदम तीन गोळ्या घेतलेल्या. मला पत्ताच नाही.

मांडवात सगळ्या घामानं निथळत होत्या, आणि चाचींचं कपाळ कोरडं, तोंड लालबुंद. जीभ टाळ्याला चिकटत होती. बांगडीचं माप दिसेना. दोन बांगड्या नवरीच्या मनगटावरच कचकन वाढल्या.

नवरीची आजी टोचून बोलली, "डोळं घरी ठिवून आलीस व्हय गं?"

चाचींनी मान वर केली नाही. चुडा पुरा केला, मगच उठल्या, मोरीत गेल्या. कितीतरी वेळानं भिंत धरत आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या, "ताई, कळ येतीया, पन हुईना. प्वाट फुटंल आता."

जन्मभर जी थांबत नव्हती, ती आता सुटेना.

लग्नाच्याच टेम्पोत घालून भोरला आणलं. दर खड्ड्याला माझा दंड आवळायच्या. डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं आणि मग तोंडसुख घेतलं. "तीन? जिवावर बेतलं असतं!"

चाची भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "एक दिस तरी नीट मान्सात बसावं, म्हनून खाल्ल्या."

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढं ओढली. त्या गोळ्या बंद. डोळे तपासायला लावले. महिनाभर चाची दारात बसून नुसत्या एसटीचा आवाज ऐकायच्या. मग कमी ताकदीची दुसरी गोळी मिळाली. रोज एक, मी समोर उभी. पाणीही माझ्या देखत.

दिवाळीआधी आम्ही दोघी वेल्ह्याला गेलो. चाची वाटभर खिडकीतून डोंगर बघत होत्या. स्टँडवर गाडी रिकामी झाली. मी म्हटलं, "चला, उतरा." हलेनात.

कंडक्टर ओरडला, "आजी, परत भोरला जायचंय काय?"

"बसू दी की रं जरा," चाची म्हणाल्या, "घाई न्हाई."