निम्म्या बुडाचा लेप

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असे विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी उंद्रीच्या गुऱ्हाळातल्या दगडूबुवा गुळव्यांचे नाव घेतो. काहिलीतला, त्या मोठ्या पसरट कढईतला, उकळता रस ते डोळे मिटून ओळखत. कडेला उभे राहून नुसते ऐकत आणि म्हणत, "आता मळी काढा. रस बोलून राह्यला."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथी ओलांडली नव्हती. वडील मला शेतावर घालणार, तेवढ्यात बुवा घरी आले. "ऊस तोडाले कोणीबी भेटते, भाऊ. याले शिकू द्या." वडिलांनी ऐकले, म्हणून मी नागपूरच्या कॉलेजात पोचलो.

बुवांची एक खोड होती. काहिलीचा पत्रा जुना, झिजून पातळ झालेला. तसाच चुलाणावर चढवला तर रस करपे. म्हणून बुवा काहील उपडी घालून बुडाला बाहेरून राखमातीचे रुपयाएवढे ठिपके देत. एक ठिपका, तेवढीच मोकळी जागा, पुन्हा ठिपका. अर्धी सकाळ त्यातच जाई. मालक चिडत, "बुवा, रांगोळी काढता का गूळ करता?"

दुसऱ्या वर्षाला असताना मी संक्रांतीला गावी आलो. मालक बाहेरगावी होते. मी ऐटीत बुवांना म्हणालो, "तुमचे ठिपके निम्मे बूड झाकतात. मग निम्म्या बुडाला सरसकट लेप द्या ना. उष्णता तेवढीच अडेल आणि काम घटकेत होईल."

"निम्मं सारखंच असते काय रे, शिरपा?"

"गणित आहे, बुवा."

"मंग लाव तूच. पाहू तं दे."

मी लावला. तासाभरात उघड्या बाजूचा रस उसळून करपू लागला आणि लेपाकडचा नुसता पडून राहिला. बुवा डोळे मिटून म्हणाले, "एका अंगानं मुका झाला रे." त्यांनी घाईने ढवळून पाहिले, पण उशीर झाला होता. गूळ काळा, कडू निघाला, ढेप बसेना.

नेमके तेव्हाच मालक परतले. "कोण्या शहाण्यानं केलं हे?"

मी राखमातीने माखलेले हात पाठीमागे लपवले.

"म्याच केलं, मालक," बुवा म्हणाले.

"हात गेला तुमचा, बुवा. आता घरीच बसा."

बुवांनी खांद्यावरचे उपरणे झटकले आणि ते माझ्याकडे न बघता निघून गेले. दुसऱ्या दिवशी कळले, ते जानेफळला लेकीकडे गेले.

नागपूरला परतल्यावर मी प्रयोगशाळेत तीन सारख्या पत्र्याच्या ताटल्या घेतल्या. एक मोकळी, एकीच्या निम्म्या बुडाला लेप, एकीला ठिपके. तिन्हींत सारखे पाणी, खाली सारखी आच. निम्म्या लेपाने पाण्याला पोचणारी उष्णता चांगलीच घटली. ठिपक्यांच्या ताटलीत मात्र ती जवळजवळ मोकळ्या ताटलीइतकीच पोचली! मी थर्मामीटर पुन्हा वाचला. प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "पुन्हा करा." तीनदा केले, तिन्ही वेळा तेच.

त्याच दिवशी मी पत्र टाकले:

"तीर्थरूप बुवांस, शिरपाचा साष्टांग नमस्कार.

निम्मे सारखे नसते. ठिपक्यावरचे पाणी शेजारच्या तापल्या पाण्यात लगेच मिसळते, म्हणून रस कुठे करपत नाही आणि आचही वाया जात नाही. मोठ्या लेपावरचे तिथेच अडकून राहते. हे मला शिकायला कॉलेज लागले, तुम्ही कानाने ऐकलेत.

लेप मी लावला, हे मालकांना आजच वेगळ्या पत्राने कळवले आहे. चारचौघांत मोठ्याने वाचा, असेही लिहिले आहे. तुम्ही स्वतःवर का घेतलेत, ते मला अजून समजत नाही. मी गप्प का बसलो, ते मात्र समजते.

सुटी लागताच मी आधी जानेफळला येतो. तिथून दोघे उंद्रीला जाऊ. राखमाती मी कालवीन. ठिपके तुम्ही द्या."