वैमानिकाची बैठक

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी आमच्या डोणगावच्या भंगाराच्या दुकानात फवारणीचे जुने पंप फार आले. मी तेव्हा गावातच शिक्षिका होते, सुट्टीच्या दिवशी अब्बांच्या मदतीला दुकानात बसायचे. अशाच एका रविवारी नागपूरहून एक गृहस्थ आले. हवाई दलातून निवृत्त झालेले मेकॅनिक. महायुद्धातलं एक लढाऊ विमान ते आणि त्यांचे सोबती पुन्हा उभं करत होते. वैमानिकाची मूळ बैठक तेवढी कुठं मिळत नव्हती.

"नवीन नाही बनवता येत?" मी विचारलं.

"येते ना. पण ती त्या विमानाची नसते."

त्यांनी दाखवलेला फोटो अब्बांनी ओळखला. लढाईनंतर मोडीत निघालेल्या विमानांचं सामान घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे माझे आजोबा कामाला होते. तिथून आणलेली तशी एक खोलगट बैठक आमच्याकडे कित्येक वर्षं पडून होती. जानेफळच्या एका शेतकरी मित्राचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा अब्बांनी तिला लोखंडी पाय लावून ती त्याला दिली होती.

आम्ही तिघं जानेफळला गेलो. अब्बांचे ते मित्र, म्हणजे काका, अंगणात त्याच बैठकीत बसून किडका कापूस वेगळा काढत होते. "बीटी कपाशीले अळी लागत नाही म्हनत होते," एवढंच ते म्हणाले आणि हातातलं बोंड आमच्यापुढं धरलं. आत गुलाबी अळी होती.

पाहुणे खाली वाकले, बैठकीच्या बुडाशी बोटं फिरवली. मातीखालून पत्र्यात ठोकलेले विमान कारखान्याचे आकडे निघाले. ते तसेच उकिडवे बसून राहिले.

"काय पाहून राह्यले साहेब?" काकांनी विचारलं.

पाहुण्यांनी सगळं सांगितलं. काका काठी धरून उठायला लागले. "मंग घेऊन जा ना. मले खाट आहे."

"खाटेवरून उठता येते का तुमाले?" काकू दारातून म्हणाल्या. "दोघं धराले लागतात."

पाहुण्यांनी काकांना पुन्हा बसवलं. खिशातून टेप काढला आणि बैठकीचं नव्हे, जमिनीपासून काकांच्या गुडघ्यापर्यंतच्या उंचीचं माप घेतलं. रिकाम्या हातानंच ते नागपूरला परतले. मला वाटलं, आता काही येत नाहीत.

हरभरा घाट्यांवर आला तेव्हा ते आले. गाडीत हुबेहूब तशीच बैठक होती, फक्त थोडी उंच आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या. काका बसले. मग दांड्या धरून एकट्यानं उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

पाहुण्यांनी जुन्या बैठकीचे लोखंडी पाय सोडवले आणि ती चादरीत गुंडाळली. काका बघत होते.

"याच्यात बसनाऱ्याचं काय झालं असन?"

"माहीत नाही," पाहुणे म्हणाले. "आम्ही शोधलं, पण सापडलं नाही."

काकांनी मान हलवली. मग अब्बांकडे वळून म्हणाले, "बरं झालं गेली. मी मेल्यावर तुह्याच भंगारात आली असती."

"हाव, मीच घेतली असती," अब्बा म्हणाले, आणि दोघं म्हातारे हसले.

कपाशी उपटून पेरलेला हरभरा काकूंनी सोलून आमच्यापुढं ठेवला. पाहुण्यांनी गाडीचं दार बंद केलं आणि खायला येऊन बसले.