रेघेच्या पोटात गेलेली भिंत

"सायेब, ही रेघ हाय का बांध?" शामरावांनी नकाशा माझ्या नाकासमोर धरला. "माझी हद्द हितपतोर हाय. म्हंजे ही भिंत माझ्यात."

"तुमच्यात कशी, भावजी?" गोठ्यातनं आक्काताईंचा आवाज आला. "माझ्या मालकानं बांधलीया ती! चार म्हशी काय तुमच्या सोप्यात बांधू?"

मी भूकरमापक. म्हणजे जमीन मोजून हद्दी दाखवणारा सरकारी माणूस. गाव जोतिबाच्या वाटेवरचं. आक्काताईंचे मालक वारलेले, घर चार म्हशींच्या दुधावर चाललेलं. शेजारी शामरावांनी नवं घर बांधायला काढलं होतं. गोठ्याची भिंत पाडायला जेसीबी सांगूनही ठेवला होता. त्यांच्या हातात होती ती क-प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशा. मी खाली सही बघितली. माझीच. आठ वर्षांपूर्वीची.

नकाशा एकास पाचशेचा. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. तेव्हा मी बॉलपेन वापरायचो. हद्द ठसठशीत दिसावी म्हणून रेघ दोनदा गिरवली होती. झाली एक मिलिमीटर जाड! आक्काताईंची नऊ इंची भिंत अख्खी त्या रेघेच्या पोटात गेली. रेघ संपते तिथपर्यंत आपलं, असं दोघंही म्हणत होते. आणि दोघंही माझाच नकाशा दाखवत होते.

ऑफिसात मी निमतानदार साहेबांना सगळं सांगितलं. आमची मोजणी तपासणारे ते अधिकारी.

"फेरमोजणी करा," ते म्हणाले. "पण रेघ सरकली, तर गाव म्हणणार, मोजणीवाल्याच्या घरी दूध पोचलं."

"सरकणार नाही साहेब. बारीक होईल."

मोजणी मशीनवर झाली. हद्दीचे जुने दगड जागेवरच सापडले. नकाशा मात्र अजूनही आम्ही हातानंच शाईत उतरवायचो. ऑफिसचं ड्रॉइंग पेन कायम तुंबलेलं. मी माझं काढलं.

हे पेन जपानी. मुलीला नोकरी लागली, तेव्हा तिनं पुण्याहून आणलं. जपानी अक्षरात एवढ्याशा चौकोनात पंधरा-वीस रेघा बसवायच्या असतात, म्हणून त्यांची निबं बारीक. कागदाला टेकवलं की हाताला आपोआप कळतं, दाबायचं नाही, नुसतं न्यायचं. किंचित खसखस ऐकू येते. शाई मागं राहते, ओली, काळीभोर, आणि बघता बघता सुकते. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. वडील दुसऱ्याच्या रानात राबले. माझ्या खिशाला चांगलं पेन असावं ही हौस मला आहे, आणि ती मी लपवत नाही. ऑफिसात म्हणतात, "काय, आज लग्नाला निघालाय?" म्हणू देत.

पट्टीच्या कडेखाली शाई शिरू नये म्हणून पट्टीखाली दोन नाणी चिकटवली. श्वास धरला आणि ट्रेसिंग पेपरवर रेघ ओढली. एकदाच. केसासारखी उतरली. दोन मिनिटं मी नुसता बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप घेऊन गावात गेलो. जीपच्या काचेवर जुना नकाशा लावला, त्यावर नवा. मागनं ऊन येत होतं.

"जाड रेघ माझी," मी म्हणालो. "गिरवली मी, चूक माझी. आता नवी बघा. जुनीच्या बरोबर मधनं चाललीय. हद्द हलली नाही, रेघेचं पोट उतरलं."

शामरावांनी चष्मा लावून वरपासनं खालपर्यंत बघितलं. "आन भिंत?"

"आक्काताईंच्यात. हद्दीपासनं बोटभर आत."

"सांगत हुते की मी!" आक्काताईंनी पदर खोचला. "घालवा त्यो जेसीबी!"

"थांबा आक्का. वरचे पत्रे वीतभर त्यांच्या हद्दीत गेलेत. तेवढे कापायचे."

"आँ? सायेब, तुमचं पेन कुणाच्या बाजूचं हाय?"

"रेघेच्या."

शामराव हसले. "वैनी, माझा गवंडी देतो कापून. म्हशीस्नी त्रास नको." मग माझ्याकडं हात पुढं केला. "बघू तरी कसलं पेन हाय."

मी नाईलाजानं दिलं. त्यांनी नकाशाच्या जुन्या पाकिटावर सही करायला निब असं काही रोवलं की मी ओरडलोच.

"शामराव, दाबू नका!"

"दाबल्याबिगर उमटंल का?"

"उमटतंय. चालवून बघा."

उमटलं. त्यांनी सही तीनदा केली, आणि पेन परत देताना टोपण स्वतः लावून दिलं.

आठ दिवसांत पत्रे कापले गेले. साहेबांनी जुन्या रेघेबद्दल माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. तो मी त्याच पेनानं लिहिला, पान भरून, आणि खरं सांगायचं तर लिहिताना मजा आली. त्यात एक वाक्य होतं, ते मी नंतर नव्या पोरांनाही शिकवलं: दोनदा गिरवल्यानं रेघ पक्की होत नाही, जाड होते.